गाडीतलं कळणाऱ्या सगळ्या दादा, मामा, भाऊजींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

तुम्हाला मी नावानं ओळखत नाही पण तुम्ही कोण आहात ते मला पक्कं माहितीये. प्रत्येक घरात, प्रत्येक कंपनीच्या शिफ्टमध्ये, प्रत्येक सोसायटीत तुमच्यातला एक तरी असतोच. कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटली की पहिला फोन तुम्हाला, मग तुम्ही रविवारची झोप सोडून जाता, खिशात फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं लोहचुंबक असतं, ते दरवाज्यावर टेकवून कुठं पुट्टी भरलीये ते बघता, दरवाज्याचं रबर ओढून पिलरवरच्या वेल्डिंगचे ठिपके मोजता, ऑइलचं झाकण उघडून धूर येतो का बघता, आणि विकणाऱ्याकडं असं काही बघता की त्यानं स्वतःहून पंधरा हजार कमी करावेत. मी पण तसलाच एक. वीसेक वर्षं झाली, तीसच्या वर गाड्या घेऊन दिल्या असतील नातेवाइकांना, मित्रांना, मित्रांच्या मेहुण्यांना. इंजिनच्या बाबतीत एकदाही फसलो नाही हो. फसलो ते कागदात, आणि तेही असल्या एका ओळीत की जी मी स्वतःच्या हातानं भरली होती.

म्हणून हे पत्र आरटीओला नाही, पोलिसांना नाही, तुम्हालाच आहे. कारण आरटीओला सगळं माहितीये, आपल्याला माहिती नसतं.

झालं असं की फेब्रुवारी २०२४ मध्ये मस्कतहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. दादा, आईबाबांना तासगावहून मिरजेला दवाखान्यात जायला यायला गाडी पाहिजे, साडेतीन लाखांच्या आत बघ, तुला बरी वाटेल ती घे, मला विचारत बसू नको. मी बघितली. मोशीत एका सोसायटीत २०१७ ची वॅगनआर, पेट्रोल, सिंगल ओनर, ५१ हजार चाललेली, मीटर खरं, सर्व्हिसच्या पावत्या सगळ्या फाइलमध्ये लावलेल्या. असली गाडी मिळत नाही आजकाल. ३ लाख ६० सांगितले होते, ३ लाख ३५ ला तोडली. भावानं पैसे माझ्या खात्यावर टाकले, मी विकणाऱ्याला दिले. वॉचमनच्या स्टुलावर कागद ठेवून त्या गृहस्थानं मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, मी पेन्सिल घासून चेसी नंबरचा ठसा सेलोटेपवर उचलला आणि फॉर्मवर चिकटवला. आणि मग 'घेणाऱ्याचं नाव' या रकान्यापाशी पेन थांबलं.

भावाचं नाव टाकावं तर त्याचं आधार जुन्या नंबरला जोडलेलं, तो नंबर मस्कतला गेल्यावर बंद पडला, म्हणजे ट्रान्सफरचा ओटीपी कुठं येणार? काकांच्या आधारला तर मोबाइलच जोडलेला नाही आणि पत्ता तासगावचा, म्हणजे गाडी एमएच १४ मधून एमएच १० च्या आरटीओत न्यायची. एजंट म्हणाला, साहेब कशाला डोक्याला ताप, तुमच्याच नावावर करून टाका, पत्ता इथलाच, कागद लगेच होतील, नंतर निवांत भावाच्या नावावर करा की. मला ते इतकं पटलं की काय सांगू. उलट मी स्वतःवर खूष होतो, बाकीचे लोक सह्या केलेले फॉर्म डॅशबोर्डमध्ये टाकून वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरवतात, आपण तर लगेच रीतसर ट्रान्सफर केली. केली, पण स्वतःच्या नावावर. आणि ते 'नंतर निवांत' काही आलंच नाही.

ऑगस्टमध्ये भाचा, म्हणजे त्या भावाच्या बहिणीचा मुलगा, वय १९, लर्निंग लायसन्स, गाडी घेऊन एकटाच निघाला. भिलवडीच्या रस्त्याला दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकलला त्यानं मागून धक्का दिला. माणूस वाचला, देवाची कृपा, पण मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, चार महिने घरी. त्याच्या घरात दुधाचा रतीब घालणारा तोच एकटा. मी जाऊन भेटून आलो, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

पण पोलिस स्टेशनचा पहिला फोन कुणाला आला? मस्कतला नाही, तासगावला नाही, चिंचवडला माझ्या फर्स्ट शिफ्टमध्ये. गाडी तुमच्या नावावर आहे, कोण चालवत होतं ते लेखी द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ मध्ये ते मालकानं सांगायचंच असतं, 'मला माहिती नाही साहेब, मी फक्त घेऊन दिली' असं म्हणायची सोय नाही. आणि काही महिन्यांनी सांगलीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. त्यात जाबदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा तो, म्हणून गाडीचा मालक, आणि मालकाच्या पुढं माझं नाव, पूर्ण पत्त्यासकट. बायकोनं नोटीस वाचली आणि मला एवढंच विचारलं की आपण त्या गाडीत कधी बसलोय तरी का. मोशी ते तासगाव एकदा चालवत नेली होती मी, तेवढंच.

आता मी काय काय शिकलो ते सांगतो, वकिलाकडं बसून बसून शिकलोय, फी देऊन.

पहिली गोष्ट म्हणजे मालक कोण. आपल्या डोक्यात मालक म्हणजे ज्यानं पैसे दिले तो, किंवा ज्याच्या दारात गाडी उभी आहे तो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. नोंदणी अल्पवयीन मुलाच्या नावावर असेल तर त्याचा पालक, आणि हायर परचेस, लीज, तारण असल्या करारावर गाडी असेल तर ज्याच्या ताब्यात आहे तो. बस्स. यात 'खरे पैसे भावाचे होते' याला कुठं जागाच नाही. सुप्रीम कोर्टात यावर नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार अशी केस झालीये, निकाल ६ फेब्रुवारी २०१८ चा. त्यात पहिल्या माणसानं गाडी २००७ मध्येच विकली होती, पुढं ती एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं अशी हातोहात गेली, २००९ मध्ये अपघात झाला, तोपर्यंत आरसीवर नाव पहिल्याचंच. हायकोर्टानं शेवटच्या घेणाऱ्यावर जबाबदारी टाकली होती, सुप्रीम कोर्टानं ती उलटवली, म्हणाले की ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच मालक, ज्याचा माणूस गेलाय किंवा जो जखमी झालाय त्यानं गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरायचं नाही. मला पहिल्यांदा हे वाचून राग आला. नंतर त्या दूधवाल्याकडं बघून आलो तेव्हा पटलं, त्यानं का शोधत बसावं मस्कतचा पत्ता?

हा निकाल विकणाऱ्यानं पण वाचला पाहिजे आणि आपण पण, कारण आपण मधले लोक दोन्ही बाजूंनी यात सापडतो. घेणाऱ्याच्या वतीनं स्वतःचं नाव लावलं तर माझ्यासारखं होतं. आणि विकणाऱ्याच्या वतीनं 'तुम्ही नुसत्या सह्या करा, बाकी मी बघतो' म्हणून कोरे फॉर्म घेऊन आलो आणि विसरलो, तर तो बिचारा विकणारा अडकतो आणि तो मग कुणाच्या दारात येणार? आपल्याच. कायद्यात मुदत दिलीये, कलम ५० बघा, एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी १४ दिवसांत कळवलंय? मी तीस गाड्यांत एकदाही कळवायला लावलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

इन्शुरन्सचं तर मी इतकं बावळटासारखं केलं की लिहायला लाज वाटते. पॉलिसी ऑक्टोबरपर्यंत चालू होती, म्हटलं चालूच आहे की, रिन्यू करताना नाव बदलू. कलम १५७ प्रमाणे गाडीची मालकी बदलली की थर्ड पार्टीचा विमा आपोआप नव्या मालकाकडं गेला असं धरतात, ते एक बरं झालं. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असा आपोआप येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडं अर्ज करून नाव बदलून घ्यायचं असतं. शिवाय जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस हा त्या माणसाचा असतो, गाडीचा नसतो, तो आपल्याला मिळत नाही, फरक भरावा लागतो. मी यातलं काहीच केलेलं नव्हतं. बंपर, रेडिएटर, बोनेट, एक हेडलाइट, सगळं मिळून ४१ हजार खिशातून. कुणाच्या खिशातून हा वेगळा विषय आहे, त्यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

आणि थर्ड पार्टीचं पण गोड नाही. भाचा लर्निंगवर होता, शेजारी लायसन्सवाला कुणी नाही, एल ची पाटी नाही. विमा कंपनीनं तेच धरलं की अटींचा भंग झालाय. अशा केसमध्ये कोर्ट बऱ्याचदा काय करतं तर जखमीला कंपनीनं आधी पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे. मालक कोण ते वर लिहिलंच आहे. तो अठराच्या आतला असता तर अजून कठीण होतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ आलंय, अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. मालकानं 'मला माहितीच नव्हतं' हे सिद्ध करायचं असतं. म्हणजे तासगावात कुठला पोरगा किल्ली उचलतोय याचा हिशोब मी चिंचवडमध्ये बसून ठेवायचा.

वकिलाला मी म्हटलं, अहो पैसे भावाचे, गाडी भावाची, बँकेचं स्टेटमेंट आहे माझ्याकडं, व्हॉट्सॲप आहे, सगळं दाखवू. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, हे फार मोठ्यानं बोलू नका. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की दुसऱ्याच्या पैशानं, दुसऱ्याच्या उपयोगासाठी, स्वतःच्या नावावर मालमत्ता घेणं याला बेनामी म्हणतात आणि तो कायदा फक्त जमिनी-फ्लॅटला नाही, जंगम मालमत्तेला पण लागतो, गाडी त्यात येते. अपवाद आहेत, बायको-मुलांच्या नावावर स्वतःच्या कमाईतून घेतलेलं चालतं, सख्खा भाऊ-बहीण असेल तर दोघांची नावं कागदावर असावी लागतात, विश्वस्त म्हणून धरलं असेल तर वेगळं. चुलतभाऊ त्या यादीत नाही. साडेतीन लाखाच्या वॅगनआरसाठी आयकर खातं मागं लागेल असं नाही हो, पण ज्या गोष्टीवर मी बचाव उभा करायला निघालो होतो ती गोष्टच मला दुसऱ्या खड्ड्यात घालणारी होती, हे ऐकून घाम फुटला.

आता तुम्ही म्हणाल, तू मूर्खपणा केलास स्वतःचं नाव लावून, आम्ही नाही लावत. ठीक आहे. पण नाव न लावता पण आपण अडकतो, ते सांगतो.

आपण स्वतःला काय समजतो? मदत करणारा. कायदा आपल्याला एजंट समजतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्यात एजन्सीचा अख्खा भाग आहे, आणि त्याला कमिशन मिळालं पाहिजे वगैरे काही लागत नाही, फुकट केलं तरी एजंटच. कुणी सांगितलं म्हणून त्याच्या वतीनं तुम्ही बोललात, टोकन दिलंत, भाव ठरवला, की त्यानं तो व्यवहार केला असं धरतात. इथं दोन कलमं मला फार लागली. एक २३०. एरवी एजंट स्वतः करारात बांधला जात नाही, पण कुणासाठी घेतोय त्याचं नाव सांगितलं नाही तर तो स्वतःच बांधलाय असं गृहीत धरतात. आणि आपण काय करतो? 'आहे एक ओळखीचा, त्याला पाहिजे' एवढंच बोलतो, का तर नाव सांगितलं तर विकणारा थेट त्यालाच गाठेल आणि भाव फुटेल. मग तो ओळखीचा ऐन वेळी नको म्हणाला तर? टोकन गेलं ते सोडा, विकणारा म्हणू शकतो की सौदा तुमच्याशी झाला, उचला गाडी.

दुसरं कलम २१५-२१६. ज्याच्यासाठी काम करतोय त्याला न सांगता एजंटनं स्वतःचाच व्यवहार मधे घुसवला तर तो माणूस सौदा मोडू शकतो किंवा एजंटला मिळालेला फायदा मागू शकतो. आता इथं जरा मन घट्ट करून वाचा. मित्राची गाडी ३ लाख १० ला घेतली आणि मेहुण्याला ३ लाख २५ सांगितली, असं तुमच्यातल्या कुणी केलंय का? मी केलंय. एकदा, २०११ मध्ये, पाच हजारासाठी, ज्याच्यासाठी केलं तो हे वाचत असेल तर भेट, चहा पाजतो आणि पाच हजार पण देतो. त्यावेळी वाटलं पेट्रोलचे सुटले. वकील म्हणाले, एजंटनं हिशोब द्यायचा असतो, मागितला की दिलाच पाहिजे, कलम २१३, आणि दुसऱ्याचा पैसा आपल्याकडं सोपवलेला असताना तो वळवला तर गोष्ट दिवाणी राहत नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१६ लागू शकतं, विश्वासघात. आयपीसीचं जुनं ४०६ म्हणायचे ते.

आणि हो, हे सगळं जर तुम्ही नेहमी करत असाल, दर महिन्याला एक-दोन गाड्या, मार्जिन ठेवून, तर तुम्ही दादा-मामा राहिला नाहीत, तुम्ही डीलर झालात. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. त्याचा एक फायदा विकणाऱ्याला असा की अधिकृत डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की त्या तारखेपासून जबाबदारी डीलरची, नवीन गिऱ्हाईक मिळेपर्यंत. आपल्यासारख्या हौशी माणसाला असलं काही कवच नाही.

पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवणं हा दुसरा रोग. आपल्याला वाटतं यात काय, आले आणि गेले. पण रोख असेल तर एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे आणि दंड पैसे घेणाऱ्याला, जेवढी रक्कम तेवढाच. आणि ऑनलाइन असेल तर आजकाल सायबर फ्रॉडच्या तक्रारीत पैसा ज्या ज्या खात्यातून गेला ती सगळी खाती गोठवतात. तुम्ही ज्याच्यासाठी गाडी घेताय त्याच्याकडं पैसा कुठून आला हे तुम्हाला माहितीये? त्याला तरी माहितीये का? त्यानं कुणाला काहीतरी विकलं, तिकडून पैसे आले, त्या पैशाची तक्रार तिसऱ्याच राज्यात, आणि तुमचा पगार जमा होतो ते खातं होल्डवर.

आमच्या लाइनमधल्या एकाचं तर वेगळंच झालं आणि हे नीट वाचा कारण यात सगळा खेळ 'मधल्या माणसा'चाच आहे. त्याला ऑनलाइन जाहिरातीत एक स्विफ्ट दिसली, भाव जरा कमीच. फोनवरचा माणूस म्हणाला गाडी माझ्या भावाकडं आहे, बघून या, पण त्याच्याशी पैशाचं काही बोलू नका, आमचं घरगुती देणंघेणं आहे. तिकडं खऱ्या मालकाला त्यानंच फोन करून सांगितलेलं की माझा माणूस गाडी बघायला येतोय, त्याच्यासमोर भाव काढू नका, मी तुम्हाला तुमची पूर्ण किंमत देतो. म्हणजे जाहिरात चोरलेली, दोघंही खरे, दोघंही एकमेकांसमोर उभे राहून बोनेट उघडून बघतायत, दोघंही पैशाबद्दल गप्प, दोघांनाही वाटतंय की समोरचा त्या फोनवाल्याचा माणूस. आमच्या गड्यानं गाडी पसंत पडल्यावर तिथंच उभं राहून फोनवाल्याच्या खात्यावर १ लाख ८० हजार टाकले आणि म्हणाला, चला किल्ली द्या. मालक म्हणाला, माझे पैसे कुठायत? तिथनं पुढं अर्धा तास दोघं एकमेकांना चोर समजत होते. मालकाला पैसे मिळाले नाहीत म्हणून तो गाडी देणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लगेच केला म्हणून थोडी रक्कम होल्ड झाली, बाकीची गेली.

हा गडी मूर्ख नव्हता. त्याला सवय होती की गाडीच्या सौद्यात एक मधला माणूस असतोच आणि तो सांगतो 'पैशाचं माझ्याशी बोला'. ही सवय लोकांना कुणी लावली? आपण.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ते आणून देणारे पण आपल्यातच आहेत. तिकडं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१४-१५ च्या हरित लवादाच्या आदेशांनी गंडांतर आलं म्हणून गाड्या स्वस्त मिळतात. आणा, काही म्हणणं नाही, पण तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय, कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय, आणि इथला रोड टॅक्स किती बसेल ते काढल्याशिवाय टोकन देऊ नका. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, साइटवर चोरीच्या नोंदीसाठी गाडी तपासता येते, ती तपासा. चोरीची निघाली तर माल जप्त होतो आणि घेणाऱ्याला मालकी मिळतच नाही, कारण विकणाऱ्याकडंच ती नव्हती. आणि गाडी ताब्यात घेताना पोलिस विचारतात तो पहिला प्रश्न, गाडी ठरवली कुणी?

मग करायचं काय, मदत बंद करायची का? मला तसं नाही म्हणायचं. मी अजून जातो गाड्या बघायला, हौस आहे ती जात नाही. पण आता माझं असं आहे की फॉर्मवर नाव त्याचं ज्याची गाडी आहे, सही त्याची, पैसे त्याच्या खात्यातून थेट आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात, टोकनचे पाच हजार असले तरी. विकणाऱ्याला पहिल्या फोनमध्ये सांगतो, मी अमुक यांच्यासाठी बघतोय, हा त्यांचा नंबर, सौदा तुमचा त्यांच्याशी. भाव फुटतो का? दोन वेळा फुटला, पाच-सात हजारानं. फुटू दे.

ताबा देताना एक डिलिव्हरी नोट करतो दोघांच्या सहीची, तारीख आणि वेळ घालून, सायंकाळी ६ वाजून १० मिनिटं असं. आपली सही साक्षीदार म्हणून, तेवढीच. त्या मिनिटाआधीचे चलान विकणाऱ्याचे, नंतरचे घेणाऱ्याचे. फास्टॅग तिथंच बंद करायला लावतो, नाहीतर विकणाऱ्याच्या पैशानं टोल कटत राहतो, खंबाटकीच्या अलीकडं-पलीकडं, आणि मेसेज त्याला येत राहतात. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीये का बघतो, त्याशिवाय ट्रान्सफरचं काम अडतं.

माणूस परदेशात असेल तर? हा माझा दुखरा भाग. तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र करून पाठवायचं, फक्त या एका गाडीपुरतं, नंबर घालून, 'माझ्या नावावर घेण्यासाठी' असं स्पष्ट लिहून. इथं पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरून घ्यायची. कटकट आहे. भावाला तेव्हा सांगितलं असतं तर तो म्हणाला असता दादा राहू दे, ओला करून जातील आईबाबा. कदाचित तेच बरं होतं. नाहीतर काकांना आधार केंद्रावर नेऊन मोबाइल जोडून आणायचा होता, काही दिवस गेले असते, आणि गाडी काकांच्याच नावावर, एमएच १० ला. एवढं साधं होतं. मला फक्त त्या रविवारीच किल्ली हातात पाहिजे होती, कारण गाडी चांगली होती आणि दुसरा गिऱ्हाईक चारला येणार होता. असला दुसरा गिऱ्हाईक खरंच असतो का हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

सह्या केलेले कोरे फॉर्म कुणाकडं असतील ना, आज रात्री कपाट उघडून बघा. माझ्याकडं तीन सापडले. एकाचा मालक वारलाय.

कायदा भावावर पण जबाबदारी टाकतो म्हणा, त्याच करार कायद्याचं २२२, एजंटनं सांगितलेलं कायदेशीर काम करताना जे सोसलं ते मूळ माणसानं भरून द्यायचं. वकील म्हणाले लावायचा का दावा? मी म्हटलं चुलतभावावर? ते म्हणाले मग ठेवा नोंद करून. भाऊ फोनवर नीट बोलतो, पैसे पण पाठवीन म्हणतो. काका बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, गाडी तू आणलीस, पोराच्या हातात किल्ली येईल हे तुला कळायला पाहिजे होतं. गाडी त्यांच्याच गोठ्यात उभी आहे, भावाच्या नावावर करायची तर आता दावा चालू आहे तोवर जरा थांबा असं वकील म्हणतायत, म्हणजे अजूनही ती माझीच, आणि पीयूसी संपल्याचा मेसेज परवा मलाच आला.

मागच्या आठवड्यात साडूचा फोन होता, एक आय-ट्वेंटी बघून द्या म्हणून. येतो म्हटलं, लोहचुंबक घेऊन येतो, तुमचं आधार आणि मोबाइल घेऊन तुम्ही स्वतः या. ते जरा नाराज झाले, म्हणाले तुमच्यावर विश्वास आहे की.

पुढची तारीख सांगलीला आहे. स्वारगेटहून पहाटे साडेपाचची एसटी पकडतो, गाडी असून.

तुमच्यातलाच एक,
चिंचवड